लेखातील बदलांवर लक्ष कसे ठेवावे?

प्रश्न : मराठी विकिपीडियावरील शनिवारवाड्याच्या लेखात मी संदर्भासह भर घातली, पण तो कोणीही बदलू शकत असेल, तर चुकीचा बदल माझ्या लक्षात कसा येणार? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. खाते उघडून लेखाच्या वरच्या ताऱ्यावर टिचकी मारली, की तो लेख आपल्या निरीक्षणसूचीत येतो आणि त्यात पुढे झालेले बदल तेथे दिसू लागतात. लेखाच्या ‘इतिहासा’त प्रत्येक आवृत्ती वेळेसह जपलेली असते, दोन आवृत्त्या ताडून पाहिल्या, की बदललेला मजकूर रंगाने उठून दिसतो. समजा, वाड्याला लागलेल्या भीषण आगीचे साल १८२८ होते, ते कोणी १८८२ केले. अशी अदलाबदल मला उघड शिवीगाळीपेक्षाही घातक वाटते, कारण शिवीगाळ कोणाच्याही डोळ्यांत खुपते, आकडा मात्र खरा समजून पुढे उतरवला जातो. म्हणून आधी संदर्भ उघडून साल पडताळावे, मगच बदल उलटवावा आणि त्याचे कारण बदल जतन करतानाच्या ‘सारांशा’च्या चौकटीत लिहावे. बदल करणारा नवखा असेल, तर त्याच्या चर्चापानावर सौम्य शब्दांत त्याचा आधार विचारावा. कित्येकदा चूक निव्वळ अनवधानाने झालेली असते.