वाचकांचे प्रश्न : जागतिक आरोग्य संघटनेचे अधिकार किती?

प्रश्न : जागतिक आरोग्य संघटना कोणत्याही देशाला आदेश देऊ शकत नाही, दंडही करू शकत नाही, असे वाचनात आले. मग साथ आल्यावर तिच्या इशाऱ्याला अर्थ तो काय? (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. संघटनेची घटना 7 एप्रिल 1948 रोजी अमलात आली तेव्हापासून ती सदस्य राष्ट्रांनी चालवलेली संस्था आहे. दरवर्षी, बहुधा मे महिन्यात, जिनिव्हात भरणाऱ्या जागतिक आरोग्य सभेत लहानमोठ्या प्रत्येक देशाला एकच मत असते. धोरण आणि अंदाजपत्रक तिथेच ठरते. एखाद्या देशात साथ आली तरी त्या देशाच्या संमतीवाचून संघटनेचे पथक तिथे पाऊल ठेवू शकत नाही. असे असूनही तिची गरज का भासते, हे 1994 साली आपल्या देशावर जे गुदरले त्यावरून स्पष्ट होते.

त्या वर्षी बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या आणि पाठोपाठ सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगने घबराट उडवली. संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती, तरीही अनेक देशांनी भारताकडची विमाने थांबवली आणि काहींनी भारतीय माल उतरवून घेण्यासही नकार दिला. साथ काही आठवड्यांत ओसरली; व्यापाराला आणि पर्यटनाला बसलेला फटका मात्र रोगाच्या प्रत्यक्ष व्याप्तीच्या मानाने फार मोठा होता. खरे सांगणाऱ्या देशाच्या पदरी असे नुकसान येत असेल, तर पुढच्या वेळी दुसरा एखादा देश आपल्याकडची साथ दडवण्याचाच विचार करणार. साथनियंत्रणातला हा पेच जुना आहे. मुंबईत 1896 मध्ये प्लेग उद्भवला, तेव्हा त्याच्या धास्तीने पुढच्याच वर्षी व्हेनिस येथे राष्ट्रांची खास परिषद भरली होती, आणि रोग आपल्या किनाऱ्यावर येऊ न देता व्यापार कसा चालू ठेवावा, याचाच खल तिथेही झाला.

सुरतेच्या अनुभवानंतर, 1995 मध्ये, आरोग्य सभेने जुने आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम सुधारण्याचे ठरवले. 2003 मधील सार्स या श्वसनरोगाच्या साथीने, आणि विशेषतः चीनने सुरुवातीला माहिती देण्यात केलेल्या विलंबाने, त्या कामाला निकड आणली. नवे नियम 2005 मध्ये संमत झाले आणि 2007 पासून लागू झाले. पूर्वी प्लेग, पटकी आणि पीतज्वर एवढ्याच रोगांची वर्दी देणे बंधनकारक होते. आता सीमा ओलांडण्याचा धोका असलेली कोणतीही घटना, तिचे स्वरूप लक्षात आल्यापासून 24 तासांच्या आत कळवावी लागते. याहून महत्त्वाचा बदल असा की, वृत्तपत्रांतून किंवा डॉक्टरांकडून मिळालेल्या अनौपचारिक माहितीच्या आधारेही संघटना संबंधित सरकारकडे खुलासा मागू शकते. त्यामुळे साथ दडवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. परिस्थिती गंभीर असेल तर तज्ज्ञ समितीचा सल्ला घेऊन महासंचालक आंतरराष्ट्रीय चिंतेची आरोग्य आणीबाणी जाहीर करतात. कोविडच्या बाबतीत ती 30 जानेवारी 2020 रोजी जाहीर झाली.

या व्यवस्थेची दुसरी बाजू अद्याप लंगडी आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोविडच्या विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार ओळखून तत्परतेने जगाला कळवला, तेव्हा त्या देशाच्या वाट्याला सुरतेसारखाच अनुभव आला : संघटना सरसकट प्रवासबंदीच्या विरोधात सांगत असताना काही दिवसांतच विमाने थांबली. संघटनेला हुकमाचा अधिकार नाही, याची खंत अनेकांना वाटते. मला अधिक गंभीर वाटते ते हे, की प्रामाणिकपणे वर्दी देणाऱ्या देशाचे नुकसान भरून देण्याची कोणतीही सक्तीची तरतूद या नियमांत नाही. ती होईपर्यंत प्रत्येक सरकार खरे सांगण्यापूर्वी मनात हिशेब करीत राहील.

प्रश्न : संघटनेचा खर्च कोण भागवते? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : सदस्य देशांच्या ठरावीक वर्गणीतून, जी प्रामुख्याने देशाची आर्थिक कुवत पाहून ठरते, एकूण खर्चाचा पाचवा हिस्साही भागत नसे. बाकीचा पैसा सरकारांच्या आणि खासगी प्रतिष्ठानांच्या देणग्यांचा असतो आणि त्यातील बराचसा विशिष्ट कामासाठी बांधून दिलेला असतो. पोलिओसाठी आलेला पैसा एखाद्या अनपेक्षित साथीकडे सहज वळवता येत नाही. वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला, तो म्हणूनच फार आवश्यक होता.

प्रश्न : संघटना स्वतः लसी तयार करते का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही. लस तयार करणाऱ्या कंपनीची कागदपत्रे, नमुने आणि कारखाना तपासून ती लसीला मान्यता देते, आणि युनिसेफसारख्या संस्था गरीब देशांसाठी लस खरेदी करताना ही मान्यता पाहतात. आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची मेंदूज्वरावरील ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस याचे उत्तम उदाहरण आहे. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथी वारंवार येणाऱ्या देशांच्या पट्ट्यासाठी ती संघटनेच्या सहभागानेच विकसित झाली, 2010 मध्ये तिला मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात बुर्किना फासो या देशात तिची मोठी मोहीम सुरू झाली.