आधी माल बांधायला शिक, मग स्टेअरिंग

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 22, गाव अमळनेरजवळ, दोन वर्षं पिकअपवर केळी आणि कापूस वाहिलास, हेवीचं लायसन्स नुकतंच हातात आलंय आणि धुळ्याचा एक मालक तुला फ्लॅटबेड ट्रेलरवर बसवायला तयार आहे. आई नको म्हणते. जाऊ का, आणि गेलो तर पहिल्या वर्षी काय सांभाळू, असं तू विचारतोस. मी 26 वर्षं गाडीवर काढली, त्यातली 19 सपाट ट्रेलरवर. पाइप, कॉइल म्हणजे पत्र्याच्या जड गुंडाळ्या, सळई, साक्रीकडच्या पवनचक्क्यांचे सुटे भाग, सगळं वाहिलं. माझं उत्तर हो असंच आहे. पण हे काम गाडी हाकण्याचं आहे असं समजून जाऊ नकोस.

बॉडीच्या ट्रकला फाळके, म्हणजे बाजूच्या भिंती असतात. माल सरकला तरी फाळक्याला अडतो. फ्लॅटबेडला दोन्ही बाजूंना काहीच नाही. माल जागेवर राहतो तो तुझ्या बांधणीवर. माझे उस्ताद शिरपूरकडचे, ते म्हणायचे, "पह्यले माल देख, मंग गाडीमा बस." मला हे पटायला एक घाट लागला.

2004 चा पावसाळा. एका यार्डात लोखंडी पाइप भरले आणि मी जेवायला गेलो. परत आलो तर बांधणारा म्हणाला, "झालं आप्पा, काढा गाडी." मी काढली. साक्रीत चहाला थांबलो, तेव्हाही मागे चक्कर मारली नाही. कोंडाईबारी घाट उतरताना एका वळणावर गाडी डावीकडे ओढायला लागली. आरशात पाहिलं तर पाइपांचा वरचा थर कललेला. गाडी कडेला घेतली, किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, चाकाला दगड लावायला धावला. मी फिरून पाहिलं तर एका साखळीचा हूक नुसता अडकवलेला, ताण दिलेलाच नव्हता. मागे एसटी होती. तिचा कंडक्टर उतरला आणि आम्ही साखळ्या पुन्हा आवळेपर्यंत, अर्धा तास तरी, त्याने मागची वाहनं थोपवून धरली. त्याच्या गाडीत पन्नासेक माणसं असतील. पाइप पडले नाहीत. पण त्यानंतर प्रत्येक साखळीला, प्रत्येक पट्ट्याला स्वतः हात लावल्याशिवाय मी गाडी हलवली नाही. माल भरताना तू तिथे उभा राहा, जेवण नंतर.

आता बांधणीचं. रॅचेटच्या, म्हणजे दांड्याने आवळायच्या पट्ट्यावर एक चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर तो किती ताण सोसतो ते छापलेलं असतं. चिठ्ठी नसलेला पट्टा जड मालाला वापरू नको. पट्ट्याला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, म्हणून गाठ कधीच नाही. धारदार कोपऱ्यावरून पट्टा जात असेल तर खाली जुन्या टायरचा तुकडा घाल, नाहीतर शंभर किलोमीटरमध्ये तो कापला जातो. सगळ्या पट्ट्या-साखळ्यांची मिळून ताकद मालाच्या निम्म्या वजनाइतकी तरी हवी. मी त्याहून दोन जास्तच लावायचो. जोरात ब्रेक मारला की माल आपल्या वजनाच्या जवळजवळ 80 टक्के जोराने पुढे ढकलतो, एवढं डोक्यात ठेव.

पत्र्याच्या प्लेटा वाहताना नवी पोरं हमखास फसतात. थप्पी ठेंगणी असते, पट्टा तिच्यावरून जवळजवळ आडवाच जातो, त्यामुळे खाली दाबतच नाही. त्यात प्लेटांना तेल असतं. तिथे खाली रबराची मॅट हवी आणि पुढे अडसर हवा, नुसत्या पट्ट्यांवर विसंबू नको. कॉइल तर त्याहून वाईट. वीस-वीस टनांचा नग, गोल. तो गाडीच्या लांबीच्या दिशेने गडगडेल असा ठेवला असेल तर ब्रेक लागला की थेट केबिनवर येतो. क्रेडलमध्ये, म्हणजे खालच्या खोबणीत नीट बसलाय का, दोन्हीकडे गुटके, म्हणजे अडवणारे ठोकळे घट्ट आहेत का, साखळ्या दोन्ही दिशांना ओढून धरतायत का, हे पाहा. पहिले सहा महिने एकट्याने कॉइल घेऊ नकोस. मालकाला तसं आधीच सांग.

सोडताना तर दुप्पट जप. पाइप प्रवासात हललेले असतात आणि पट्ट्याच्याच आधाराने थांबलेले असतात. पट्टा सुटला की त्या बाजूच्या माणसावर येतात. माझ्या बरोबरीच्या एकाचा पाय असाच गेला, तोही गाडी उभी असताना, यार्डात. आधी बघ माल कुठे कललाय. त्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, आणि गरज वाटली तर क्रेनने माल धरल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही.

माल पहिल्या तासात बसतो आणि बसला की पट्टे ढिले पडतात. जळगावहून धुळ्याकडे निघालास तर पाळधीला पहिला थांबा, मग एरंडोल, मग पारोळा. प्रत्येक ठिकाणी पूर्ण चक्कर मारून रॅचेट आवळ. पुढे सुरतेकडे जायचं असेल तर घाटाआधी पुन्हा. पाच मिनिटं लागतात.

घाटाचं एकच सांगतो, कारण बाकीचं उस्तादच शिकवेल. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे तुला भेटतील, मालकही कधी आडून सुचवेल. ऐकू नको. ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी मंद करणारा) वापर, पायाचा ब्रेक सतत दाबून धरू नको. ब्रेकचे लायनर तापले की ब्रेक लागतच नाही, ब्रेकच्या टाकीत हवा भरलेली असली तरी. सेंधव्याकडून पळासनेरला उतरताना बिजासन घाटात जे अपघात होतात, त्यातले कितीतरी असेच. जळका वास आला तर थांब आणि थंड होऊ दे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नको, तडा जातो. आणि रिकामा ट्रेलर हलका म्हणून सोपा, असं धरू नको. पहिल्या पावसात रिकाम्या ट्रेलरची मागची चाकं लॉक होतात आणि तो आडवा येतो. वळताना मागची चाकं आतून कापतात, हे तुला पिकअपने शिकवलेलं नाही, म्हणून मोकळ्या मैदानात आठवडाभर नुसती वळणं आणि रिव्हर्स कर.

ओव्हरलोडला नाही म्हणायला शिक. एकूण वजनाची हद्द आरसीवर लिहिलेली असते. अॅक्सल कितीही असोत, घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, आणि ट्रेलर मिळून 55 टनांच्या वर जात नाही. 2019 पासून ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 दंड आहे. माल गाडीच्या हद्दीबाहेर येईल असा भरलास तरी 20,000. दंड कुणी भरायचा हे कामाला लागण्याआधी बोलून घे. पगार, फेरीचा भत्ता, पंक्चर, हमाली, टोल, सगळं वहीत लिही आणि मालकाची सही घे. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस एवढीच असते. गाडी बिघडून अडकलास तर मुदत संपण्याआधी ट्रान्सपोर्टला फोन कर. लायसन्स पाच वर्षांनी नवं करावं लागतं, ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव.

आपल्याकडचा मे महिना तुला माहीत आहेच. भुसावळ-जळगावच्या उन्हात टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना बघायची. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा सोडायची नाही, तो थंड झाल्यावर कमी भरतो आणि मग फुटतो. दुपारी वरण-बट्टी खाल्लीस तर तासभर झोप, मगच स्टेअरिंग. पाच तास सलग चालवल्यावर अर्धा तास विश्रांती घेच, 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातही ती लिहिलेली होती.

आईचं मला कळतं. माझी आईही पहिली दोन वर्षं मी परत येईपर्यंत रात्रीची जागी असायची. तिला एकदा यार्डात घेऊन जा, गाडी दाखव, तू पट्टा कसा आवळतोस ते दाखव. माझ्या आईला मी हे फार उशिरा दाखवलं.

आता तू मला तीन गोष्टी कळव. ट्रेलर 40 फुटी आहे की त्याहून लांब, मालक सोबत किन्नर किंवा जुना ड्रायव्हर देतोय का, आणि पहिला माल कोणता आहे. किन्नर देणार नसेल आणि पहिलीच फेरी कॉइलची असेल, तर ही गाडी घेऊ नकोस. धुळ्यात दुसरे मालक आहेत.