वेलांटी पहिली, आणि मुळात 'ध्वनी' कशाला?

प्रश्न असा : रंकाळ्याच्या काठावर स्पीकर दडवून आवाजांची मांडणी करायची आहे. अशा 'साउंड इन्स्टॉलेशन'ला मराठीत 'ध्वनीशिल्प' म्हणावं की 'नादशिल्प'?

आधी वेलांटी. सुटा लिहिताना 'ध्वनी' दीर्घ. समासात पुढे शब्द आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. ध्वनिफीत, ध्वनिक्षेपक, ध्वनिप्रदूषण. गणपतीत 'ध्वनीप्रदूषण टाळा' असे फलक वाचून डोळे दुखतात. कान तोवर गेलेलेच असतात.

'नाद' बाद. 'नाद करायचा न्हाई' म्हणणाऱ्या गावात नादशिल्प म्हणालात तर लोक आधी हसतील. 'साउंड'ही नको, कोल्हापुरात साउंड म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, आणि भिंत म्हणजे डॉल्बी. रे डॉल्बीने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवायला. आपण त्याच्या आडनावाने खिडक्या हादरवतो!

मग राहिला 'आवाज'. तो फारसी, म्हणून शुद्धीवाल्यांना खपत नाही. फारसी आहेच, पण त्यातला 'वाज' आणि संस्कृत 'वाच्' एकाच मुळाचे. वाचा घरी राहिली, आवाज इराणात वाढून पाव्हणा म्हणून परत आला, आणि आपण सख्ख्या भावाला उंबऱ्यावर नाव-गाव विचारत बसलो. ('वाजणे' मात्र या घरातलं नाही, ते 'वाद्य'च्या कुळातलं. दर वेळी कुणीतरी ही सोयरीक जुळवतोच, म्हणून सांगितलं.) माधव जूलियन इथल्याच राजाराम कॉलेजात शिकवायचे. 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला. ज्याने हे शब्द वेचून मांडले, त्यानेच त्यांना दार दाखवावं हे मला अजून पचलेलं नाही.

आणि क्रियापदं बघा की. आवाज येतो, चढतो, बसतो, फुटतो, घुमतो. कुणाला तरी आवाज देता येतो. ध्वनी बिचारा फार तर प्रक्षेपित होतो. माझं तर मत आहे की ज्याला चालता येतं तोच शब्द रस्त्यावर टिकतो. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये मॅक्स न्यूहाउस या आवाजाची मांडणी करणाऱ्या कलाकाराने 1977 साली रस्त्यातल्या लोखंडी जाळीखाली एक सलग घुमणारा सूर बसवला. पाटी नाही, नाव नाही. 1992 साली तो बंद पडला, 2002 साली पुन्हा सुरू झाला. वरून जाणाऱ्या कित्येकांना ते खालचं यंत्र वाटतं. तिथे आपला माणूस थबकला तर काय म्हणेल? 'अरे, आवाज कुठनं येतोय?' 'ध्वनी कुठून उत्पन्न होत आहे' असं तर नक्कीच नाही.

हां, तुमचा प्रश्न. परवानगीच्या अर्जात 'ध्वनिशिल्प' लिहा, साहेबांना बरं वाटेल. 'नि'ला पहिली वेलांटी. काठावर पाटी लावणारच असाल, तर तिच्यावर नुसतं 'आवाज' लिहा.