दाखवली एक उंची, दिली दुसरी

प्रश्न : दिवाळीत इलेक्ट्रिक कारचं मोठ्या बॅटरीचं, वरचं व्हेरियंट घेतलं, १८ लाख ९० हजार मोजले. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) १९० मिमी. टेस्ट ड्राइव्हला दिली ती खालच्या व्हेरियंटची गाडी. आता चौघं बसलो की सोसायटीच्या रॅम्पवर गाडीचं पोट घासतं. कंपनी म्हणते, वरच्या व्हेरियंटची उंची १७० मिमीच आहे. दाद मागता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नमस्कार. दाद नक्की मागता येईल, पण तक्रार कशाची करायची ते आधी ठरवू. 'गाडी बुटकी आहे' एवढ्यावर प्रकरण टिकणार नाही. मोठी बॅटरी जड, ती बसते तळाशी. व्हेरियंटनुसार सस्पेन्शन आणि उंची वेगळी ठेवायला कंपनी मोकळी आहे. तो फरक ग्राहकापासून दडवायला मोकळी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) नुसार महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. तुमची तक्रार याच कलमावर उभी करा.

माहितीपत्रकाचा तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. १९० च्या डोक्यावर बारीक तारा आहे, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी 'रिकाम्या गाडीसाठी. व्हेरियंटनुसार फरक संभवतो'. कंपनी याच ओळीला धरून बसेल. पण सेल्समनने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये तुमच्याच व्हेरियंटच्या नावापुढे १९० लिहिलंय! हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. तो मेसेज जपा, तो फोनही विकू नका. तक्रारीत त्याच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

गॅरेजवाला स्प्रिंगला स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) टाकून देतो म्हणाला, असं लिहिलंय. कृपया आत्ता टाकू नका. उंची बदलली की पुरावाच बदलला, शिवाय वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण. त्याआधी सपाट जागी, दाराजवळच्या स्टिकरवरची हवा टायरमध्ये भरून, रिकाम्या गाडीची उंची मोजा. मग चौघं बसवून पुन्हा. टेप दिसेल असे फोटो काढा. रॅम्पचेही काढा, कारण 'रॅम्पच चुकीचा बांधलाय' हा बचाव हमखास येतो. बॅटरीच्या आवरणावर ओरखडे असतील तर सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर आजच नोंदवून घ्या. उद्या बॅटरीचा क्लेम अडला तर हीच नोंद कामी येईल.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पंधरा दिवसांत समाधान झालं नाही, तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत असल्याने अधिकार जिल्हा आयोगाचाच. तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. मुदत २ वर्षांची, ती डिलिव्हरीच्या तारखेपासून धरून चला.

वापरलेल्या गाडीची पूर्ण रक्कम परत मिळणं अवघड आहे, हे स्पष्ट सांगतो. ती मागणी ठेवा, पण पर्यायी म्हणून नुकसानभरपाई, आवरणाची मोफत दुरुस्ती आणि तक्रारीचा खर्चही मागा. उंचीच्या आकड्यावरच वाद झाला, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली प्रयोगशाळेकडून तपासणीचा अर्ज द्या. तिची फी बहुधा आधी तुम्हालाच भरावी लागेल.

नोटीस धाडण्यापूर्वी बुकिंग फॉर्मची मागची बाजू मला पाठवा. तिथे तुमची सही कशाखाली घेतलीय, ते पाहायला हवं.