गंजलेली बार्बेक्यूची जाळी फेकू नका

जाळी रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवली आणि सकाळी तांबूस गंज चढलेला दिसला, आता ती टाकूनच द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून जाळी बिडाची वाटते. बिडावरचा गंज सहसा वरवरचाच असतो, त्यामुळे ती नक्की वाचेल.

तारेच्या काथ्याने गंज खरवडून काढा. हट्टी डागांसाठी व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास भिजवा. त्याहून फार वेळ नको, कारण आम्ल मग बीडच खायला लागतं. धुऊन पुसा आणि लगेच आचेवर कोरडी करा. आता तेल. कापडाने अगदी पातळ हात फिरवायचा, मग कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं पुसून घ्यायचं. साधारण 200 ते 230 अंश सेल्सिअसला तासभर तापवलं की तेलाचा कडक, काळा थर तयार होतो. गंज अडवतो तो हाच थर. तेल जास्त झालं तर जाळी चिकट राहते, म्हणून एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर द्या.

रोजचं काम त्यामानाने सोपं आहे. भाजून झाल्यावर झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं जाळी तापू द्या, चिकटलेलं जळून सुटतं. मग घासा आणि बीड असेल तर तेलाचा हात फिरवा. भिजत ठेवणं आणि डिशवॉशर, दोन्ही बंद.

स्टेनलेस स्टील साबणाने बिनधास्त धुवा, पण साधा लोखंडी काथ्या वापरू नका; त्याचे कण स्टीलवर राहून गंजतात. ब्लीचही नको. तापून आलेली निळसर-तपकिरी झाक म्हणजे गंज नव्हे, ती राहू द्या. एनॅमलच्या जाळीला धातूचं काहीच लावू नका. टवका उडाला की खालचं लोखंड तिथूनच गंजतं.

आणि तारांच्या ब्रशबद्दल कळकळीने सांगते. तुटलेली तार जाळीला चिकटते, तिथून घासात जाते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2012 मध्ये एकाच रुग्णालय-समूहातल्या अशा सहा घटना नोंदवल्या होत्या. ब्रश विरळ झाला असेल तर आजच टाका. लाकडी खरवडणी किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा चिमट्यात धरूनही बीड आणि स्टील चांगलं निघतं. काहीही वापरलं तरी पदार्थ ठेवण्याआधी ओल्या कापडाने जाळी एकदा पुसून घ्या, थंड असतानाच.