नव्या सिस्टरबाईला, टोचणीच्या दिवसासाठी

दीड महिन्याच्या लेकराला टेबलावर आडवं पाडू नको बाई. मायच्या मांडीवरच राहू दे. रोटाची, म्हणजे जुलाबावरची, लस गोड असते, ती आधी पाज. मग मायला अंगावर पाजायला लाव आणि पिता पिताच टोच. आज्या कुरकुर करतात, ठसका लागेल म्हणून. पण पिणारं लेकरू खरंच कमी रडते. जास्त झोंबणारी सुई शेवटी. रक्त पाहायला दट्ट्या मागे ओढत बसू नको, त्यानं उगाच दुखते; जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच ते नको म्हटलं. जागा चोळायचीही नाही. घरी सूज आली तर थंड ओलं फडकं. हळद-तेल, शेक काही नाही. अन् पाच वर्षांच्या पोराला ‘दुखत नाही’ म्हणू नको, पुढच्या वेळी ते कपाशीत पळते.