सर्व्हरवर आत्ता नक्की कोण बसलंय?

प्रश्न : आमचं सांगलीत टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. एक विंडोज सर्व्हर, त्यावर सात-आठ जण रिमोट डेस्कटॉपनं येऊन टॅली वापरतात. रीस्टार्ट करायच्या आधी कोण कोण लॉगिन आहे ते कळावं म्हणून मी नेटवरून पॉवरशेलची (विंडोजला कमांड टाइप करून काम सांगायची सोय) एक स्क्रिप्ट उचलली, पण ती कायम एकच नाव दाखवते, कधी तर तेही नाही. मागच्या महिन्यात यादी रिकामी दिसली म्हणून रीस्टार्ट मारला आणि एका सहकारी ताईंची अर्धी भरलेली एन्ट्री गेली, अजून नीट बोलत नाहीत त्या. स्क्रिप्ट चुकीची आहे का?

उत्तर : स्क्रिप्ट खोटं बोलत नाहीये हो, तुम्ही तिला प्रश्नच दुसरा विचारताय. अशा बहुतेक तयार स्क्रिप्टा विनथर्टीटू-कॉम्प्युटरसिस्टम नावाच्या ठिकाणी (विंडोज स्वतःच्या मशीनची माहिती ठेवतं तिथे) जाऊन युजरनेम वाचतात, आणि तिथे फक्त त्या मशीनच्या स्वतःच्या स्क्रीन-कीबोर्डसमोर लॉगिन केलेल्या माणसाचं नाव असतं. तुमच्या सर्व्हरसमोर कोण बसतंय? कोणीच नाही, सगळे रिमोटनं येतात, मग यादी रिकामीच येणार.

तुम्हाला हवी ती कमांड म्हणजे क्यूयूझर, क्यू-यू-एस-ई-आर असं सगळं जोडून टाइप करायचं. अॅडमिन अकाउंटवरून चालवा, नाहीतर दुसऱ्यांची सेशन्स, म्हणजे त्यांनी लॉगिन करून उघडलेली कामाची जागा, दिसायची नाहीत. (घरच्या विंडोज होममध्ये ही कमांड नसते, तिथे शोधत बसू नका.) प्रत्येकाचं नाव, सेशनचं नाव, आयडी, स्टेट, किती वेळ हात लावला नाही आणि लॉगिन कधी केलं, एवढं एका ओळीत येतं.

आता खरी गंमत स्टेटच्या रकान्यात आहे. तिथे अॅक्टिव्ह असेल तर माणूस जोडलेला आहे, पण 'डिस्क' दिसलं तर तो हार्डडिस्कशी संबंधित काही नाही, डिस्कनेक्टेडचं लघुरूप आहे. लोक काम झालं की वरच्या फुलीवर क्लिक करतात आणि निघून जातात, त्यांना वाटतं लॉगऑफ झालो, पण सेशन आत तसंच जिवंत राहतं, टॅली उघडी, एन्ट्री अर्धवट. म्हणजे माणूस घरी जेवतोय आणि सर्व्हरच्या लेखी तो अजून ऑफिसात आहे. म्हणून नुसते अॅक्टिव्हवाले मोजून रीस्टार्ट मारलात तर परत तेच होणार.

स्क्रिप्टमध्ये इथेच अजून एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. डिस्कनेक्ट झालेल्याच्या ओळीत सेशनच्या नावाचा रकाना कोरा असतो, त्यामुळे स्पेसवर ओळ तोडली की पुढचं सगळं एक घर डावीकडे सरकतं आणि आयडीच्या जागी स्टेट येऊन बसतं. त्यापेक्षा युजरनेम झालं की त्यानंतर नुसता आकडा असलेला पहिला शब्द शोधा, तो आयडी, त्याच्या पुढचा शब्द स्टेट. तुमच्या स्वतःच्या नावाआधी एक बाणासारखं चिन्ह येतं तेही काढून टाका.

मग अॅक्टिव्ह असतील त्यांना एमएसजी कमांडनं स्क्रीनवर निरोप पाठवा, डिस्कवाल्यांना सरळ फोन, कारण निरोप वाचायला तिथे कोणी नाही. लॉगऑफ आणि पुढे आयडी दिला की सेशन बंद होतं पण सेव्ह करू का असं ते विचारत बसत नाही, लगेच उडवतं, तेव्हा फोन आधी. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजला नियम लावायच्या सेटिंगमध्ये, डिस्कनेक्ट झालेली सेशन्स अमुक वेळानं आपोआप संपवायची सोय आहे, पण रिटर्नच्या गर्दीत ती लावू नका, शिव्या खाल.

तुमच्याकडे बॅकअपसाठी एखादं लिनक्स मशीन असेल तर तिथे कोण लॉगिन आहे ते बघायला हू (डब्ल्यू-एच-ओ) ही कमांड चालते, फक्त एकाच माणसाचं नाव चारदा दिसलं तर घाबरू नका, त्यानं चार टर्मिनल उघडलेत इतकंच.